जिथे भगदाड, तिथे द्रविड

बेंगळुरूहून बोलतोय. नेहमीप्रमाणे आज नकाशा, मोर्चे, तोफा असलं काही नाही. आज खेळाबद्दल बोलू. निमित्त माझ्या नातवाचं. तो अमेरिकेत डॅलसला असतो, वय वर्षं दहा, आणि तिकडच्या फुटबॉलचं त्याला वेड. तो फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचा, आपला नव्हे. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, "आजोबा, रनिंग बॅक म्हणजे काय ते माहीत आहे?" मी म्हटलं, सांग बाबा.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा. त्याच्या मागे किंवा बाजूला उभा असतो तो रनिंग बॅक. त्याचं मूळ काम चेंडू घेऊन समोरच्या भिंतीत घुसायचं. पण चांगला असेल तर तो लांबून फेकलेला चेंडूही झेलतो, आणि वेळ आली तर स्वतः चेंडूला हात न लावता अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्याला अडवतो, म्हणजे क्वार्टरबॅकला वेळ मिळतो. धावून हजार यार्ड आणि झेलून हजार यार्ड, हे दोन्ही एकाच मोसमात पहिल्यांदा केलं रॉजर क्रेगने, १९८५ साली. मग मार्शल फॉक, १९९९. मग ख्रिश्चन मॅकॅफ्री, २०१९. अडवण्याच्या कामाचे यार्ड मात्र कुणी मोजत नाही. ते मला लगेच कळलं, फौजेत तीस वर्षं काढली आहेत.

मग पोराने विचारलं, "आपल्याकडे असा कोण?" मी म्हटलं, अरे, माझ्याच गावात आहे. राहुल द्रविड.

बेळगाव, बडोदा, पणजीच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, पण पोरासोरांसाठी सांगतो. जन्म ११ जानेवारी १९७३, इंदूरचा. मराठी घर, वाढला बेंगळुरूत. वडील किसान जॅमच्या कंपनीत होते म्हणून टोपणनाव पडलं 'जॅमी'. आई वास्तुकलेच्या प्राध्यापिका. रणजीचा पहिला सामना फेब्रुवारी १९९१ मध्ये, कर्नाटककडून, पुण्यात, आणि समोर महाराष्ट्र! घरात मराठी बोलणाऱ्या या पोराने महाराष्ट्राविरुद्ध ८२ धावा काढल्या. आम्हा बाहेरच्या मराठी माणसांचं हे असंच असतं, नोकरी-चाकरी इथली आणि लोणचं तिकडचं.

लहानपणी तो यष्टिरक्षण करायचा. मग जाणत्यांनी सांगितलं, ते सोड, फलंदाजीवर लक्ष दे. सोडलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जून १९९६, लॉर्ड्स. पहिली कसोटी, आणि फलंदाजीला सातव्या क्रमांकावर. ९५ धावा. त्याच सामन्यात सौरव गांगुलीने पदार्पणातच शतक केलं, त्यामुळे पंचाण्णवची बातमी खाली गेली. पुढे तिसरा क्रमांक हे त्याचं घर झालं. तिथे एकट्या कसोटीत त्याच्या दहा हजारांहून जास्त धावा आहेत. तिसरा म्हणजे फौजेच्या भाषेत राखीव कंपनी. पहिली फळी दहा मिनिटांत फुटो की दोन तासांनी, तुम्ही तयारच हवेत.

आता कोलकाता, मार्च २००१. स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलिया सलग सोळा कसोटी जिंकून आलेला. आपण २७४ धावांनी मागे, फॉलोऑन. तेव्हा संघाने काय केलं? द्रविडचं घर लक्ष्मणला दिलं आणि द्रविडला सहाव्या क्रमांकावर ढकललं. माणूस रुसला असता. हा गेला, २३२ वर चार बाद असताना उभा राहिला, आणि १४ मार्चला दिवसभर एकही गडी पडला नाही. ३७६ धावांची भागीदारी, लक्ष्मण २८१, द्रविड १८०. सामना आपण १७१ धावांनी जिंकलो. लोक २८१ म्हणतात, आणि म्हणावंच. पण तो एकटा २८१ पर्यंत पोचला नसता.

तो दिवस मी मेसमध्ये टीव्हीसमोर बसून पाहिला, आणि मला माझीच आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. मी मेजर होतो, रायफल कंपनीचा कमांडर. माझी कंपनी, माझे जवान. एके दिवशी बोलावून सांगण्यात आलं, क्वार्टरमास्टरचं काम बघ, तात्पुरतं. कारण काय? "तू कुठेही चालतोस." कंपनी दुसऱ्याला मिळाली. तात्पुरतं दोन वर्षं चाललं. रेशन, बूट, केरोसीन, तंबू. काम चोख केलं, पण मनातून कुढत राहिलो, घरीही चिडचिड केली. ज्याला एकच काम येतं त्याला ते काम मिळतं आणि ज्याला चार येतात त्याला उरलेलं, असं माझं त्या वेळचं गणित होतं. ते अगदीच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

द्रविडच्या बाबतीतही ते खरंच ठरलं. २००२ च्या सुमारास एकदिवसीय संघाला सातवा फलंदाज हवा होता. उपाय सोपा: यष्टिरक्षक कमी करा, ग्लोव्हज द्रविडला द्या. म्हणजे पन्नास षटकं, तीनशे चेंडू, प्रत्येक चेंडूला बैठक मारायची, बोटांवर मार खायचा आणि मग फलंदाजी. मुलांनो, घरी तीनशे बैठका मारून बघा. १९९८ मध्ये याच माणसाला संथ खेळतो म्हणून एकदिवसीय संघातून वगळलं होतं. १९९९ च्या विश्वचषकात त्याने स्पर्धेतल्या सर्वाधिक ४६१ धावा काढल्या. आणि बक्षीस काय, तर लहानपणी सोडलेले ग्लोव्हज! ७३ एकदिवसीय सामन्यांत त्याने यष्टिरक्षण केलं, २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासह. गंमत अशी की त्या सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी ४४ च्या आसपास आहे आणि एकूण कारकिर्दीची ३९.१६. ओझं वाढलं तर धावाही वाढल्या. त्यामुळे ओझं टाकणाऱ्यांना वाटलं, बघा, याला काही त्रास होत नाही. इथेच माझं दुखणं आहे.

लाहोर, जानेवारी २००६. आता तो कर्णधार. मधल्या फळीत जागा कमी, दावेदार जास्त. कुणाला तरी हलवायला हवं होतं. त्याने स्वतःला हलवलं आणि सेहवागबरोबर सलामीला गेला. ४१० धावांची सलामी, विनू मांकड आणि पंकज रॉय यांच्या १९५६ च्या विक्रमाला फक्त तीन धावा कमी. बेंगळुरूत बसमध्ये, रेशनच्या रांगेत, सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं, 'स्वल्प अड्जस्ट माडी', म्हणजे जरा सरकून घ्या. या गावाने या माणसाला ते फारच मनावर घ्यायला लावलं.

कर्णधारपदाबद्दल लोक २००७ च्या विश्वचषकातली पहिल्याच फेरीतली गच्छंती काढतात. ती झालीच. पण २००६ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ३५ वर्षांनी आणि २००७ मध्ये इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकल्या त्या त्याच्याच नेतृत्वाखाली. मग सप्टेंबरमध्ये त्याने पद सोडलं.

मला सगळ्यात जवळची खेळी ओव्हलची आहे, ऑगस्ट २०११. मालिका ४-० ने गेली, म्हणून ती कोणी फारशी दाखवत नाही. वय ३८. गंभीर जायबंदी, त्यामुळे पुन्हा सलामी. समोर एकेक जण परततोय. भारत सर्वबाद ३००, द्रविड नाबाद १४६. गावस्कर आणि सेहवागनंतर सलामीपासून शेवटपर्यंत नाबाद राहणारा तिसराच भारतीय. फॉलोऑन मिळाला. दोन डावांमध्ये दहा मिनिटं असतात. इतरांना पॅड बांधायला ती असतात. हा पाणी पिऊन, पुन्हा सलामीला, पुन्हा पहिल्या चेंडूपासून.

१६४ कसोटी, १३,२८८ धावा, ३६ शतकं. पण मी दुसरा आकडा सांगतो: ३१,२५८. एवढे चेंडू तो कसोटीत खेळला, जगात कुणाहीपेक्षा जास्त. अडवण्याच्या कामाचे यार्ड कुणी मोजत नाही म्हटलं ना, क्रिकेटने निदान हे मोजून ठेवलेत.

९ मार्च २०१२ ला त्याने चिन्नास्वामी स्टेडियममध्ये निवृत्ती जाहीर केली. आमचं परेड ग्राउंड तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे प्रशिक्षक म्हणून २०१८ चा १९ वर्षांखालील विश्वचषक आणि जून २०२४ मध्ये बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक. २००७ ला ज्या कॅरिबियन बेटांवरून तो मान खाली घालून परतला, तिथेच.

नातू परवा म्हणाला, ती ओव्हलची खेळी दाखवा. लावून दिली. पहिला अर्धा तास बघितली त्याने. मग म्हणाला, "आजोबा, हे सोडतोय का सगळे?" मी म्हटलं, हो, सोडतोय. तो झोपला. मी बघत बसलो.