अहिंसेची तालीम

दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये सुमारे पंधरा हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक शिस्तीत काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते आणि बाहेर पोलिसांचा पहारा होता. कोणी दरवाजा फोडायला धावले नाही. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहाला प्रारंभ झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मंदिराच्या चारही दरवाजांसमोर त्यांनी ठाण मांडले. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णराव गायकवाड तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते; पुढे महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणून ओळखू लागला. ९ एप्रिलला रामाच्या रथाच्या मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली आणि सत्याग्रही रक्तबंबाळ झाले. तरीही लढा थांबला नाही. टप्प्याटप्प्याने तो १९३५ पर्यंत चालला. ही हकिकत आपण मुलांना सामाजिक समतेच्या इतिहासातला एक प्रसंग म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तरुणांना शांतता आणि अहिंसा कशी शिकवावी, या प्रश्नाचे महाराष्ट्राच्या मातीतले सर्वांत नेमके उत्तरही याच हकिकतीत आहे. तिकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

शाळेत अहिंसा आज कशी पोहोचते? सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि बोधकथा असते. गांधीजयंतीला भाषणे आणि निबंधस्पर्धा होतात. यातले काहीच वाईट नाही. पण फळ्यावर ‘अहिंसा परमो धर्मः’ लिहिणारा मुलगा मधल्या सुट्टीत क्रिकेटच्या धावेवरून वाद झाला की दुसऱ्याची कॉलर धरतो. तो ढोंगी आहे म्हणून असे होत नाही. वाद झाला की काय करायचे, हे त्याला कोणी करून दाखवलेले नसते आणि त्याच्याकडून करून घेतलेले नसते. पोहण्याचे महत्त्व सांगून कोणी पोहायला शिकत नाही. काळारामच्या सत्याग्रहींनी नुसते अहिंसेचे गुणगान ऐकले असते, तर पहिल्या दगडालाच तुकडी उधळली असती. तुकड्या ठरल्या होत्या, जागा ठरल्या होत्या, कोणाचा शब्द मानायचा हे ठरले होते; मागणी स्पष्ट होती आणि तिच्यासाठी सोसायची तयारी होती. अहिंसा अशी तालमीने अंगी बाणते. शाळांनी ती सुविचाराच्या फळ्यावरून उतरवून रोजच्या सरावात आणायला हवी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्याच बाजूने येतो: एवढे करून काळारामचा दरवाजा उघडला का? त्या पाच वर्षांत तो उघडला नाही, हे खरेच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली, तिच्यामागे हा अनुभव होता. पण लढ्याचे माप दरवाजावरूनच घेतले, तर त्याचे मर्म निसटते. मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह नव्हता. आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे, यासाठी तो होता. ते चैतन्य आले. नाशिकच्या या मुशीतून तयार झालेल्या दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि हजारो गरीब माणसे शस्त्र न उचलता तुरुंगात गेली. तालमीचा उपयोग एका प्रसंगापुरता नसतो. जगाचा अनुभवही याच दिशेचा आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या चळवळी तपासल्या. अहिंसक चळवळींपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी ठरल्या, तर सशस्त्र चळवळींपैकी सुमारे २६ टक्के. म्हणजे अहिंसाही पुष्कळदा हरते, पण हिंसेपेक्षा कमी वेळा. मुलांना हे दोन्ही सांगितले पाहिजे. खोटा विश्वास देऊन शिकवलेली अहिंसा पहिल्या पराभवात मोडून पडते.

दुसरा आक्षेप नाशिककरांच्या मनात हमखास येईल. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरातल्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये तो आणि त्याचे सहकारी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. अहिंसा शिकवायची म्हणजे अशा तरुणांचा त्याग झाकायचा का? तसे करणे अन्यायाचे होईल आणि त्याची गरजही नाही. प्राण पणाला लावणाऱ्याच्या धैर्याचा आदर ठेवूनही त्या काळाला आणखी एक प्रश्न विचारता येतो: अन्यायाने पेटलेल्या अठरा वर्षांच्या मुलासमोर कोणते मार्ग मोकळे होते? भाषणबंदी, वृत्तपत्रांवरचे खटले आणि हद्दपारी यांद्वारे सनदशीर वाटा सत्तेने एकेक करून बुजवल्या होत्या, आणि सामूहिक सत्याग्रहाचे तंत्र देशात अजून रुजायचे होते. सुमारे वीस वर्षांनी त्याच शहरातल्या तरुणांना तसे तंत्र मिळाले, तेव्हा धैर्य तेवढेच लागले, पण त्यात हजारो माणसे आणि बायकाही सामील होऊ शकल्या. वर्गात हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून चर्चा घडवली पाहिजे. तरुणाचा संताप दाबायचा नसतो. त्याला परिणामकारक वाट कोणती, हे त्याला स्वतः तोलता आले पाहिजे.

आजच्या तरुणासमोर परकीय सत्ता नाही. त्याच्या खिशात मोबाईल आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावातल्या एका गुन्ह्यानंतर नाशिक जिल्ह्यात जाळपोळ झाली आणि अफवा थांबवण्यासाठी इंटरनेट बंद करावे लागले. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना ठार मारले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयाने जमावाने एका लहान मुलासह पाच जणांना घेरले होते. पण काही स्थानिक लोकांनी त्यांना आडोसा दिला, पोलिस पोहोचले आणि ते वाचले. दोन्हीकडे अफवा एकच होती. फरक पडला तो जमावासमोर उभे राहणाऱ्या माणसांमुळे आणि वेळेवर पोहोचलेल्या मदतीमुळे. अशी माणसे केवळ योगायोगाने मिळावीत, हे समाजाला परवडणारे नाही. आलेला संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला, तो कधीचा आहे, कोणी पडताळला, हे विचारणे. ११२ क्रमांकावर फोन करणे. संतापलेल्या मित्राला बाजूला नेणे. ‘थांबा’ एवढा एक शब्द मोठ्याने म्हणणे. या सगळ्या शिकवता येण्यासारख्या कृती आहेत. आगीच्या वेळी काय करायचे याचा सराव शाळेत होतो, तसा याचाही व्हायला हवा.

असे शिकवून खरेच फरक पडतो का? जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मुलांच्या भावनिक आणि सामाजिक कौशल्यांसाठी शाळांत राबवलेल्या २१३ कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यांत २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी होते. मुलांचे वागणे सुधारले, ताण कमी झाला आणि अभ्यासातली प्रगतीही वाढली: शंभरांच्या रांगेत मधोमध असलेला विद्यार्थी सुमारे अकरा जागा पुढे सरकला. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, म्हणून आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण त्यांतले दोन निष्कर्ष आपल्याला जवळचे आहेत. टप्प्याटप्प्याने आणि प्रत्यक्ष कृतीतून शिकवणारे कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले. आणि बाहेरचा तज्ज्ञ न आणता वर्गशिक्षकांनीच राबवलेले कार्यक्रमही यशस्वी झाले. महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केले. संविधानातली मूल्ये जोडीने आणि गटाने करायच्या कामांतून, खेळांतून मुलांपर्यंत नेणारा हा कार्यक्रम पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने इतर जिल्ह्यांत पसरला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही शांततेसाठीचे शिक्षण हा विषय स्वतंत्रपणे मांडला होता आणि ते सर्व विषयांच्या अध्यापनात मुरावे, अशी अपेक्षा ठेवली होती. दिशा ठरलेली आहे. अडते ते रोजच्या अंमलापाशी.

वर्गात याचे रूप अगदी साधे असते. दोन मुलांचे भांडण झाले, तर तिसरा प्रशिक्षित विद्यार्थी मध्यस्थ होतो. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे. मग त्याने बोलायचे. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढायचा आणि तो लिहून ठेवायचा. निकाल मध्यस्थ देत नाही, हे यातले महत्त्वाचे सूत्र. दुसरी पद्धत एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात बसवली. शाळांतला वर्णभेद नुकताच कायद्याने उठला होता आणि वर्गांत तणाव होता. त्याने धड्याचे भाग पाडून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक भाग दिला. दुसऱ्याकडून त्याचा भाग समजून घेतल्याशिवाय कोणाचाच धडा पूर्ण होत नसे. साहजिकच एकमेकांचे ऐकणे भाग पडले आणि तेढ कमी झाली. आपल्याकडे एकाच बाकावर वेगवेगळ्या जाती-धर्मांची मुले बसतात, पण डब्याच्या वेळी पुन्हा आपापल्या कोंडाळ्यात जातात. त्यांना बंधुभावावर व्याख्यान देण्यापेक्षा एकमेकांवाचून अडेल असे काम देणे अधिक उपयोगी आहे.

मात्र शाळा स्वतः हिंसक असेल, तर ही सगळी मेहनत वाया जाते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना बंदी आहे. तरी ‘मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो’ असे सांगणारे पालक आणि शिक्षक घरोघरी भेटतात. ते घडले ते मेहनतीने आणि कोणाच्या तरी जिव्हाळ्याने. छडीने एवढेच शिकवले, की ज्याच्या हाती जोर त्याचे खरे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडत आणि त्यांचे कपडे धूत, घडी करून ठेवत. बेशिस्तीवर आवाज न चढवता त्यांनी शिस्त लावली. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. बंदिवासातही त्यांना सुचले ते मुलांच्या मनाचे शिक्षण. प्रत्येक शिक्षकाकडून गुरुजी होण्याची अपेक्षा धरता येणार नाही. साठ मुलांचा वर्ग आणि अशैक्षणिक कामांचे ओझे असताना तर नाहीच. म्हणूनच शिक्षकाला हवे ते प्रशिक्षण, थोडा मोकळा वेळ आणि मुख्याध्यापकांचा पाठिंबा. या सोयींवाचून केलेला उपदेश हा शिक्षकावरच अन्याय आहे.

अहिंसेने मुले लेचीपेची होतील, हा आक्षेप जुना आणि चिवट आहे. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींनी कवायत केली, खेळ खेळले, समतेची गाणी म्हटली. त्यांची शिस्त कोणाहून कमी नव्हती, पण ती कोणाचा द्वेष करून आलेली नव्हती. अहिंसा म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, असेही कोणी शिकवू नये. ज्या मुलीची छेड काढली जाते, तिला ‘शांत राहा’ सांगणे ही शांतता नव्हे. तिने ठामपणे बोलावे, तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी, तिच्या वर्गाने तिच्या पाठीशी उभे राहावे आणि शाळेने दखल घ्यावी, हा अहिंसेचाच धडा आहे. याने शाळेत राजकारण शिरेल अशी भीती वाटणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की तक्रार सभ्यपणे मांडायला आणि ऐकून घ्यायला न शिकलेले मूल मोठेपणी राजकारणात शिरतेच, फक्त ते दगड घेऊन शिरते.

अभ्यासक्रमात जागा नाही, ही शेवटची अडचण. वेगळा विषय आणि वेगळे पुस्तक खरोखरच नको आहे. आठवड्यातून एकदा वर्गसभा, प्रत्येक वर्गात चार-पाच मध्यस्थ विद्यार्थी, परिपाठातल्या बोधकथेऐवजी अधूनमधून एका अफवेची पडताळणी आणि इतिहासाच्या तासाला काळारामच्या सत्याग्रहाचा आराखडा: मागणी काय होती, तुकड्या कशा ठरल्या, समोरच्याने काय केले, आपण असतो तर काय केले असते. नाशिकच्या मुलांसाठी तर ते मंदिर पंचवटीत, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या सगळ्यासाठी पैशांपेक्षा निश्चय लागतो. सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या चिटणीसपदाखाली हजारो माणसांनी जे करून दाखवले, त्याची बाराखडी चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत गिरवायला मिळाली नाही, तर पुढच्या अफवेच्या दिवशी आपण त्यांच्याकडून संयमाची अपेक्षा कोणत्या हक्काने करणार?