मिरवणुकीतले वाद्य

संपादकांनी विषय दिला देशोदेशीच्या आणि काळोकाळच्या संगीताचा, आणि जागा दिली विक्रोळीच्या कन्नमवारनगरातल्या खोलीएवढी. तेव्हा सामगायन, नाट्यशास्त्र वगैरे वाचकांना ठाऊक आहे असे धरतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, पुढे भातखंडे-पलुस्करांनी गाणे शाळेत आणि छापील वहीत बसवले. हे दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकात येतेच. हे आढावे मग गिरगावात शिरतात, रेंगाळत दादर-माटुंग्यापर्यंत येतात आणि तिथे थकतात. शीवच्या पुढे लोकल जाते, माणसे उतरतात, पण संगीत काही उतरत नाही, अशी आमच्या विद्वान मित्रांची ठाम समजूत आहे.

माझा मुक्काम त्याच बाजूला. आणि माझे जुने तुणतुणे असे की मुंबईच्या संगीताचा इतिहास बेंजोशिवाय लिहिणे ही लबाडी आहे.

पेटीचे उदाहरण घ्या. बाई आली पॅरिसहून. १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले ते १९७१पर्यंत. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हे आरोप. तोवर नाटकात, कीर्तनात, भजनी मंडळात ती केव्हाच घरची झाली होती, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मानाने बसवले होते. व्हायोलिनचेही तेच, आज दक्षिणेत ते परके आहे असे म्हणून बघा! बेंजोवर आरोप नेमके पेटीचेच आहेत. फरक एवढाच, की पेटीची वकिली करायला शिकलेसवरलेले लोक होते.

बेंजोचे मूळ जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘तायशोगोतो’ तयार केले. लाकडी खोके, वर ताणलेल्या तारा, आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण, उजव्या हाताने छेड. घरात बसून कुणालाही वाजवता यावे म्हणून केलेले हे वाद्य समुद्रमार्गे कुठे कुठे पोचले! पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब गाणाऱ्यांनी ते उचलले. बलुच वादकांनी त्याची लांबी वाढवली, आणि आज बलुची संगीताची ओळखच त्यावर आहे. उत्तरेत ते बुलबुलतरंग झाले, आमच्याकडे बेंजो. टाइपरायटरची बटणे म्हणाल, तर विक्रोळी जिच्या नावाने ओळखली जाते त्या गोदरेजनेच १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला. योगायोग खरा, पण मला तो आवडतो.

कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाइट इथली बेंजोवाली मंडळी दिवसा कंपनीत. पाळी सुटली की तालीम. आमच्या चाळीतले एक फिटर काका प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून छेडण्याची पट्टी कापायचे आणि कानशीने तिची कड घासत बसायचे. कड जाड राहिली तर तार नुसती खरडते, फार पातळ झाली तर ताशाच्या दणक्यात आवाज बुडतो. खोक्यात कॉइल बसवून वायर अॅम्प्लिफायरला जोडलेली. बटणांचा खटखटाटही कर्ण्यातून ऐकू यायचा. नवखे लोक त्यावर हसत. काका मात्र एका तारेचा नाद विरायच्या आत पुढचे बटण असे सरकवून दाबत, की मींड नसलेल्या वाद्यातून गळ्याचा भास व्हावा. हे मी कानाने ऐकलेले आहे, पुस्तकात वाचलेले नाही.

या वाद्याचे खरे घर म्हणजे भीमगीतांची कव्वाली. भीमराव कर्डकांच्या जलशांनी वाट पाडली, वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) गाणी दिली, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी गळा दिला. पलीकडे घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहून गेले. गायन पार्ट्यांचे सामने रात्रभर रंगत. गायकाने ओळ टाकली की कोरस ती उचली, ढोलकी चढे, आणि दोन कडव्यांमधली सगळी जागा बेंजोवाल्याची. चौदा एप्रिलला तेच वाद्य ट्रॉलीवर चढायचे, मागे जनरेटर, आणि भीमगीतातून कोळीगीतात, तिथून सिनेमाच्या गाण्यात मास्टरच्या नुसत्या मानेच्या झटक्यावर अख्खी पार्टी वळायची. हे ज्याला संगीत वाटत नाही त्याच्याशी वाद घालून मी पुष्कळ संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

आता सुपारी डीजेला जाते. भिंतीएवढे स्पीकर, वाजवणारा कोणी नाही, बटण दाबणारा एक. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची वेळ घातली ती योग्यच. पण त्या नियमाच्या नावाने आधी गप्प झाला तो बेंजो, डीजे नव्हे. दुसरीकडे पांढऱ्या सदऱ्यांची ढोल-ताशा पथके आली. त्यांच्या मेहनतीला नाव ठेवत नाही. मात्र त्यांचे काही कैवारी बेंजोला ‘बाजारू’ आणि पथकाला ‘अस्सल परंपरा’ म्हणतात, तेव्हा विचारावेसे वाटते की आजच्या थाटातली ही पथके काय पेशव्यांच्या दप्तरातून निघाली?

रेडिओने बेंजोला बंदी घातली नाही. बंदी घालायला आधी दखल घ्यावी लागते. कॅसेटच्या काळात गावोगाव भीमगीते पोचली. माझ्याकडे खोकाभर कॅसेट आहेत. वेष्टनावर गायकाचे नाव ठळक, कंपनीचे त्याहून ठळक. बेंजो कोणी वाजवला ते सगळ्या खोक्यात एकाही वेष्टनावर नाही. वादकांपैकी जे हयात आहेत त्यांना त्या ऐकवून, कोणती छेड कोणाची एवढे तरी लिहून घ्यायचे आहे. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटलाय. भांडुपला एक दुरुस्त करणारा अजून दुकान उघडतो म्हणतात. दिवाळी झाली की त्याच्याकडे जाणार आहे.