पुनःस्थापन : पक्ष्याचे आणि त्याच्या वाटेचे

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथून वीस गिधाडे महाराष्ट्रात आणण्यात आली. दहा पेंचला व दहा ताडोबाला. ह्या घटनेला आपण मराठीत 'स्थलांतर' म्हणतो, आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर उतरणाऱ्या पट्टकदंब हंसांच्या प्रवासालाही 'स्थलांतर'च म्हणतो. वस्तुतः ह्या दोन भिन्न क्रिया होत. पक्षी आपण होऊन ऋतुमानाप्रमाणे जातो व परततो, ते स्थलांतर. मनुष्य त्याला पिंजऱ्यात घालून नेतो, त्यास स्थानांतरण म्हणावे. आणि नाहीशी झालेली जाती एखाद्या प्रदेशात पुन्हा नांदू लागून तेथे प्रजा वाढवू लागली, म्हणजेच पुनःस्थापन झाले असे म्हणता येईल. हा शब्दच्छल भाषाशास्त्राच्या अध्यापकाची खोड म्हणून सोडून देता आला असता. परंतु तिसऱ्या क्रियेचे यश पहिलीवर कसे अवलंबून असते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गिधाड हा रूढ अर्थाने स्थलांतरी पक्षी नव्हे, तथापि तो दूरसंचारी आहे. १९९२ ते २००७ ह्या अवधीत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या इतकी घटली की, हजारांमागे एकच पक्षी उरला. कारणाचा उलगडा २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनाने झाला. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते; त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि यूरिक आम्ल अंतरिंद्रियांवर पांढऱ्या थरासारखे साठते. शंभर मृत जनावरांपैकी एखादे जरी असे विषारी असले, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे असते, कारण एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा जेवतो. भारतात ह्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक ह्या तशाच घातक औषधांवरील बंदी तर २०२३ मधील आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. एका दशकात गेलेले एका दशकात भरून येणे नाही, ते ह्यामुळे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा शासनाच्या साहाय्याने पिंजोर येथे जे प्रजननकेंद्र उभारले, त्याला जटायूचे नाव आहे. संस्कृत 'गृध्र', प्राकृत 'गिद्ध' ह्या परंपरेतून आलेला आपला 'गिधाड' हा शब्द मात्र आज शिवीच्या पंक्तीला बसला आहे. एकाच पक्ष्याला संस्थेने महाकाव्यातून नाव द्यावे आणि लोकव्यवहाराने ते दूषण म्हणून योजावे, हा अर्थापकर्षाचा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे.

केंद्रात वाढलेला पक्षी एकाएकी मोकळा सोडीत नाहीत. त्याला प्रथम वनातच उभारलेल्या प्रशस्त पिंजऱ्यात काही महिने ठेवतात. बाहेर मृत जनावर टाकून परिसरातील रानगिधाडे तेथे यावीत अशी योजना करतात. आतल्याने बाहेरच्यांना पाहावे, ती कशी उतरतात, कशी भांडतात व खातात हे न्याहाळावे, एवढाच ह्याचा हेतू. ताडोबातून मोकळ्या केलेल्या पक्ष्यांपैकी 'एन-११' ही खूण असलेले एक गिधाड २०२४ मध्ये सुमारे ४००० किलोमीटर अंतर कापून, पाच राज्ये पार करीत तमिळनाडूत पोहोचले; आणि तेथे पुदुकोट्टै जिल्ह्यात विजेच्या धक्क्याने मेले. त्याच्या पाठीवरील यंत्रामुळे त्याचा मार्ग कळला, अन्यथा 'बेपत्ता' एवढीच नोंद झाली असती. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र म्हणून सामान्यतः शंभर किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पितात. त्याचे क्षेत्रफळ ३१,००० चौरस किलोमीटरांहून अधिक भरते, तरीही तरुण पक्ष्याच्या भ्रमंतीपुढे ते अंगणच ठरते.

आता खऱ्या स्थलांतरी पक्ष्यांकडे वळू. येथे प्रश्न अधिक बिकट आहे, कारण येथे वाटच पुनःस्थापित करावी लागते. सायबेरियाचा शुभ्र क्रौंच भरतपूरला हिवाळा काढीत असे. १९६०-७० च्या दशकात तेथे सुमारे दोनशे पक्षी येत. २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी आली, आणि पुढे कोणी आले नाही. दरम्यान, १९९० नंतरच्या दशकात बंदिवासात वाढविलेले काही तरुण क्रौंच भरतपूरला सोडून पाहण्यात आले होते. रानक्रौंचांच्या संगतीने ते उत्तरेस जातील ही आशा फलद्रूप झाली नाही. पंख होते, अन्न होते, ऋतूही होता; मार्ग मात्र शिकविला गेला नव्हता.

हे ज्ञान सर्वच पक्ष्यांत शिकावे लागते असे नाही. चातकाचे अंडे सातभाईच्या घरट्यात उबते. पोसणाऱ्या सातभाईला आफ्रिका ठाऊक नसते, तरी वाढलेला चातक समुद्र ओलांडून तिकडे जातो. त्याची दिशा उपजतच असते. क्रौंचकुलात मात्र पिल्लू पहिल्या प्रवासात वडीलधाऱ्यांबरोबर उडते आणि वाट आत्मसात करते. अमेरिकेत २००१ पासून २०१५ पर्यंत डांग्या क्रौंचांच्या पिल्लांना हलक्या विमानामागे उडवून विस्कॉन्सिनहून फ्लोरिडास नेण्यात आले. एकदा नेलेली पिल्ले वसंतात आपणहून परतली. पुढे त्यांच्या प्रवासांच्या नोंदी अभ्यासणाऱ्यांना २०१३ मध्ये असे आढळले की, थव्यात एखादा वयस्क पक्षी असला, तर सरळ मार्गापासून होणारे विचलन लक्षणीय प्रमाणात घटते. म्हणजे विमान पहिला धडा देऊ शकते. पाठ पक्का करून घेण्यास वडीलच हवेत. आणि ह्याच पक्ष्यांत पिल्ले जगविण्याचे प्रमाण फार कमी राहिले, हेही नमूद केले पाहिजे. विमानाला पालकत्व शिकविता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित वाटावी. बोलण्याची क्षमता उपजत, पण अमुक एक बोली वडीलधाऱ्यांकडूनच मिळते; मधली एक पिढी तुटली की उरतो तो कोश. अर्थात उपमा फार ताणू नये: बोलीचे निदान लेखन करून ठेवता येते, आकाशातील वाटेचे ते नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सोलापूरजवळच्या नान्नजला पडणार आहे. माळढोकासाठी तेथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले. अलीकडच्या गणनांत मात्र तेथे एखादाच पक्षी दिसतो. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम व रामदेवरा येथे माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढविली जात आहेत आणि ती पिढी संख्येने वाढते आहे. माळढोकही एका माळावर बारमाही राहणारा नव्हे. पावसाळ्यातील विणीनंतर तो इतरत्र पांगतो. कोणता माळ कधी सोडावा, कोणत्या शेतशिवारात उतरावे, हे त्या पिल्लांनी कोणाकडे पाहून ठरवावयाचे? ती पिल्ले दक्षिणेत आणावयाची असतील, तर येथे निदान काही जाणते पक्षी शिल्लक असतानाच आणणे, आणि तत्पूर्वी त्या माळांवरील विजेच्या तारा भूमिगत करणे, हा क्रम प्रस्तुत लेखकाला योग्य वाटतो. माळढोकाची समोरची दृष्टी अरुंद असते. जड शरीराने उडताना तार दिसेपर्यंत वळण्यास अवकाश उरलेला नसतो.