काटे इथले, आकडे दुबईचे

काटे आणि डिजिटल आकडे दोन्ही असलेले स्वस्त अ‍ॅना-डिजी घड्याळ घेताना सोयी मोजत बसण्यापेक्षा पाणी आणि बॅटरी पाहावी. अचूकतेची काळजी नको: साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिकही सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याची चूक साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत राहते. पाण्याचे तसे नाही. ‘30 मीटर’ म्हणजे तेवढी खोल बुडी नव्हे, फक्त हात धुतानाचे शिंतोडे. आपल्या पावसाळ्याला 50 मीटर बरे. कॅसिओच्या एडब्ल्यू-80मध्ये ते आहे, बॅटरीही सुमारे 10 वर्षांची.

काटे अधूनमधून आकडे झाकतात, हा आक्षेप खराच. दोन्ही वेळा वेगळ्या लावण्याची कटकटही अनेक मॉडेलांत असते. पण मुलगा दुबईत असेल तर आकडे दीड तास मागे ठेवता येतात! घेण्यापूर्वी घड्याळातला दिवा लावून अंधारात काटे दिसतात का, एवढे जरूर पाहा.