हळू वाचलेलं वचन

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली २६ ते २९ ही वचनं मोठ्याने वाचायला एक मिनिटही लागत नाही. शेतकरी बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग भरलेला दाणा, आणि पीक तयार झालं की विळा. येशूने सांगितलेली गोष्ट एवढीच आहे. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर या चार वचनांना अख्खी संध्याकाळ दिली जाते. तिथे बसून मी जे पाहिलं ते मला एक काम वाटलं. त्याला तयारी लागते, शिस्त लागते, आणि ते जमायला वर्षं लागतात.

या कामाचा सगळा भार वाचणाऱ्या बाईवर असतो. ती अंगणवाडीत काम करते. तिचं शिक्षण मिशनच्या वसतिगृहात राहून झालं. तलासरीत येशूसंघाच्या ज्ञानमाता सदनासारख्या संस्थांमुळे कित्येक आदिवासी घरांतली पहिली पिढी शाळेत गेली, आणि आज पाड्यापाड्यावर बायबल वाचून दाखवणारी माणसं बहुतेक त्याच पिढीतली किंवा तिच्या मुलांतली आहेत. २०११च्या जनगणनेत तलासरी तालुक्यातले दहापैकी नऊ जण अनुसूचित जमातींचे होते. या पाड्यावर बहुतेक वारली आहेत. ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्यांतही वयस्कर माणसांना अक्षरओळख कमीच.

तिची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. पहिला निर्णय उतारा कुठे तोडायचा हा. त्याच अध्यायात पेरणाऱ्याचा मोठा दाखला आहे, आणि त्याचा अर्थही येशूने पुढे सांगितला आहे. तो दाखला तिने मुद्दाम घेतला नाही. “अर्थ आयता मिळाला की माणसं स्वतः ऐकायचं सोडतात,” ती म्हणाली. मग ती पेन्सिलीने ओळींमध्ये बारीक उभ्या रेघा ओढते. जिथे रेघ तिथे थांबायचं, एक पूर्ण श्वास घ्यायचा. घरी दोन-तीनदा स्वतःलाच वाचून दाखवते. आवाज चढवायचा नाही, रडवेला करायचा नाही, येशूचं बोलणं आलं म्हणून वेगळा काढायचा नाही. वाचणारीचा आवाज जितका साधा, तितकं ऐकणाऱ्याचं लक्ष वचनावर राहतं, हे तिने अनुभवातून ठरवलेलं आहे.

मंडळी सारवलेल्या ओसरीवर जमतात. भाद्रपद होता, खाली खाचरात भात निसवायला लागलं होतं. एक गीत झालं, क्रुसाची खूण झाली, आणि मग काही वेळ कुणीच बोललं नाही. ही पहिली शांतता अवघड असते. दिवसभराचं काम अंगात असतं, लहान मूल मांडीवर चुळबुळ करत असतं, महामार्गावरून ट्रक जातात. बाई घाई करत नाही. आवाज बंद व्हायची वाट ती पाहत नाही, माणसांचे खांदे सैल व्हायची वाट पाहते.

पहिलं वाचन नेहमीच्या गतीने होतं, गोष्ट कळावी म्हणून. पोरांनी मोबाइलवर बायबल उघडलेलं असतं. पहिल्या वाचनानंतर मोबाइल पालथे ठेवायला सांगितलं जातं. दुसरं वाचन रेघारेघांवर थांबत. तिसरं वाचन दुसऱ्या कुणीतरी करायचं, बहुधा शाळेतल्या मुलीने, कारण आवाज बदलला की आधी निसटलेला शब्द ऐकू येतो. यानंतर प्रत्येकाने मनात अडकलेला एखादा शब्द किंवा तुकडा तेवढा म्हणायचा. कारण सांगायचं नाही. “झोपतो,” एकजण म्हणाला. “विळा,” दुसरा. “आधी पात,” एक म्हातारी म्हणाली. दोघांनी एकच शब्द म्हटला तरी चालतं. कुणी काहीच म्हटलं नाही तरी चालतं. दुसऱ्याच्या शब्दावर बोलायचं नाही, हा मात्र पक्का नियम.

यानंतरचा भाग मननाचा. शब्द मनात धरून बसायचं आणि तो आपल्या जगण्यात कुठे लागतो ते पाहायचं. इथे वाचनाची मराठी मागे पडते आणि वारली बोली सुरू होते. पुष्कळ वेळाने एक शेतकरी बोलला. आपल्याकडे बी असं थेट शेतात टाकत नाहीत, तो म्हणाला. आधी राब भाजायचा, त्यात पेरायचं, रोप हाताएवढं झालं की उपटून चिखलात आवणी करायची. प्रत्येक रोप माणसाच्या हातून जातं. “एवढं करून पण दाणा मी भरत नाही,” तो म्हणाला आणि थांबला. त्या वाक्याला कुणी काही जोडलं नाही.

मग ‘झोपतो’ या शब्दाशी एक आई अडली होती हे कळलं. तिचा मुलगा खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेला होता. डहाणू-तलासरीतली शेकडो तरुण पोरं पावसाळी मासेमारीबंदी उठली की वेरावळ-पोरबंदरकडे जातात. समुद्रात हद्द ओलांडली गेली तर पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं जातात, हे या भागातल्या घरांनी सोसलेलं आहे. गोष्टीतला शेतकरी झोपू शकतो, मला झोप नाही, असं ती म्हणाली. तिला कुणी धीर दिला नाही, कुणी विश्वास ठेव म्हणून सांगितलं नाही. मला ते क्षणभर कठोर वाटलं. पण थोड्या वेळाने प्रार्थनेचा भाग आला तेव्हा तिने देवाला तेच सांगितलं, तिच्याच बोलीत, पाचसहा शब्दांत. मुलगा सुखरूप येऊ दे, ही मागणी तिने नंतर केली. आधी आपल्याला झोप येत नाही हे त्याला सांगितलं. मध्येच कुणी समजूत घातली असती तर ते देवापर्यंत गेलंच नसतं, माणसांतच संपलं असतं.

या पद्धतीचं मर्म मला इथे दिसलं. एरवी आपण प्रार्थनेला बसतो ते मागण्यांची यादी घेऊन. देवाने ऐकायचं आणि आपण बोलायचं. हळू वाचल्याने क्रम उलटतो. आधी ऐकायचं, मग जे ऐकलं त्याला उत्तर द्यायचं. ते उत्तर तक्रार असेल, आभार असेल, नुसता प्रश्न असेल. पण ते आधी तयार केलेलं नसतं.

शेवटी पुन्हा शांतता असते, आणि ती पहिल्यापेक्षा वेगळी असते. आता कुणी काही शोधत नसतं. उठण्याआधी बाई एकच विचारते, उद्या काय करायचं. त्या संध्याकाळी एका विधवेच्या खाचराचा फुटलेला बांध सकाळी दोघांनी जाऊन घालायचा असं ठरलं.

या पायऱ्या जुन्या आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या तासांबरोबर पवित्र वाचनाचे तास नेमून दिले आहेत. हात आणि कान दोन्ही कामाला लावलेले. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुसियन मठाचा प्रमुख दुसरा गुइगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात प्रभूची प्रार्थना एका श्वासाला एक शब्द अशा गतीने म्हणायला शिकवली. पुढे दीर्घकाळ हे सारं बहुतांशी मठांत आणि धर्मगुरूंच्या शिक्षणात राहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड हवी हे सर्व श्रद्धावंतांना सांगितलं. २०१०मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी या चार पायऱ्या समजावताना जोडलं, की वाचन कृतीत उतरेपर्यंत पुरं होत नाही. पाड्यावरची बाई हा इतिहास सांगत नाही. फुटलेल्या बांधाचं मात्र ती विसरत नाही.

अक्षरओळख नसलेल्यांना हे कसं जमेल, ही शंका इथे टिकत नाही. छपाई येण्यापूर्वी बहुतेक ख्रिस्ती माणसांपर्यंत बायबल कानानेच पोचलं. गोव्यात १६१६मध्ये छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ही लोकांना वाचून, गाऊन दाखवलं जाई. वारली समाजात तर लग्न लावणारी धवलेरी सगळी गाणी मुखोद्गत म्हणते. ऐकलेलं धरून ठेवण्याची ताकद या माणसांत आहेच. मला कागदावर परत पाहावी लागणारी ओळ शेजारच्या म्हातारीने दुसऱ्या वाचनातच पूर्ण म्हणून दाखवली.

डहाणूकडे ख्रिस्ती परंपरेचा दुसरा, प्रोटेस्टंट धागा आहे. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रेदरनचे मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा ब्रेदरन मंडळ्याही तीत सामील झाल्या. या मंडळ्यांच्या घरांत रोज सकाळी कुटुंबाने शास्त्र वाचून प्रार्थना करण्याची सवय जुनी आहे. पायऱ्यांना नावं नाहीत, पण एकच वचन दिवसभर बरोबर न्यायचं, कामात ते आठवायचं, रात्री त्यावरून प्रार्थना करायची, हे त्याच वाटेवरचं चालणं आहे.

पाड्यावरच्या वाचनाची कसोटी २०१८च्या नोव्हेंबरापासून लागली. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली आणि धक्के थांबेनात. भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत घराबाहेर झोपू लागली. त्या दिवसांत गटाने ४६वं स्तोत्र घेतलं होतं. पृथ्वी ढळली, डोंगर समुद्रात गेले तरी देव आसरा आहे, असं ते स्तोत्र सांगतं. अशा वेळी ते घाईने वाचलं तर मंत्र होतं, धक्का थांबवायचा उपाय होतं. त्या स्तोत्रात तीनदा ‘सेला’ हा, बहुधा थांबण्याची खूण असलेला, शब्द छापलेला आहे. बाई तिथे थांबायची. त्या थांब्यांमध्ये माणसांना आपली भीती बोलता आली. धक्के थांबले नाहीत. तंबूत झोपलेल्या बायांना मात्र एकमेकींच्या मुलांची पाळीपाळीने राखण करायचं तिथेच सुचलं.

धोके आहेतच. डोळे मिटून पान उघडायचं आणि दिसेल ते वचन म्हणजे देवाचा हुकूम मानायचं, ही सवय याच वाचनाच्या आडून शिरते. आपल्या मनातलं वचनावर लादून तोच देवाचा आवाज समजणं त्याहून सोपं. म्हणून बाई मागचापुढचा संदर्भ आधी पाहून येते, अडल्यास फादरांना विचारते, आणि गटात बसून वाचते. एकट्याची चूक गटात उघडी पडते.

ज्याला हे करून पाहायचं आहे त्याने थोडीच वचनं घ्यावीत, मोठ्याने वाचावीत, पुन्हा वाचावीत, आणि देवाशी बोलण्याआधी जिथे मन अडतं तिथे थांबावं. अडलेली जागा टाळू नये. त्या आईची प्रार्थना खरी झाली, कारण तिने आपल्याला न पटलेला शब्द सोडून दिला नाही.