मोटारसायकलचा कार्बोरेटर : घरी उघडावा की दुकानात द्यावा?

शिंदखेडा तालुक्यातील शेतीकामात मोटारसायकलला आता बैलजोडीइतकेच महत्त्व आले आहे. दुधाच्या किटल्या, फवारणीची औषधे, चाऱ्याच्या पेंढ्या, दोंडाईचा येथील बाजारातून आणावयाचे बियाणे, या सर्वांची ने-आण तिच्यावरच होते. कपाशीच्या फवारणीच्या ऐन दिवसांत ती सकाळी सुरू झाली नाही, तर मजूर बांधावर बसून राहतात आणि बोंडअळीला एक दिवस अधिक मिळतो. अशा वेळी दोष बहुधा कार्बोरेटरवर टाकला जातो. तो घरीच उघडून साफ करावा, की मजुरी देऊन दुकानातून दुरुस्त करून घ्यावा, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या विद्युत यंत्रणेने घेतली. ती यंत्रणा घरी उघडू नये. परंतु १९८५ साली आलेली सी. डी. १००, १९९४ साली आलेली स्प्लेंडर व त्यांच्या पाठोपाठ निघालेल्या असंख्य गाड्या खेड्यापाड्यांत अजूनही कामावर आहेत. पुढील विवेचन त्या जुन्या गाड्यांसंबंधी आहे.

कार्बोरेटरचे कार्य समजण्यास सोपे आहे. तळाच्या वाटीत पेट्रोल साठते. फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, वर चढला की पिन बसते व पेट्रोलची आवक थांबते. इंजिन हवा ओढू लागले म्हणजे गळ्यातील दाब कमी होऊन जेटच्या छिद्रातून पेट्रोल वर चढते व हवेत मिसळते. निव्वळ पेट्रोल पूर्णपणे जळण्यास १ किलोस सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण मुख्यतः पितळी जेटच्या छिद्रावर अवलंबून असते, आणि लहान जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. वाळूचा एक कण त्यास पुरेसा आहे.

अलीकडे बिघाडाचे आणखी एक कारण वाढले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यास १ किलोस केवळ ९ किलो हवा लागते. म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते व थंड इंजिन गचके मारते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या व वाटीच्या तळाशी बसते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वायसरही त्यामुळे फुगतात किंवा कडक होतात. धुळे जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. पावसाळ्याच्या तोंडी दुकानांत होणाऱ्या गर्दीचे मूळ पुष्कळदा या थरातच असते.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे काय, कॉक उघडल्यावर नळीतून पेट्रोल नीट वाहते काय, हवेची जाळी धुळीने भरली आहे काय, हे पाहावे. प्लग कोरडा व काजळलेला असल्यास पेट्रोल अधिक जाते, पांढुरका असल्यास कमी जाते, आणि ओला असल्यास ठिणगी पडत नाही किंवा वाटी भरून वाहते. नंतर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत उतरवावे. तळाशी पाणी किंवा गाळ दिसल्यास टाकीही रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. अनेकदा एवढ्यानेच गाडी चालू लागते व कार्बोरेटर उतरविण्याची वेळच येत नाही.

उतरविणे भाग पडले, तर इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, चूल, विडी व विजेच्या ठिणगीपासून दूर काम करावे. परातीत पांढरे फडके पसरून सुटे भाग क्रमाने मांडावेत. वाटीचे स्क्रू मऊ असतात. तोंडात नीट न बसणाऱ्या पेचकसाने ते झिजवले की पुढचे सर्व काम बिघडते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने शेवटपर्यंत आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. या एका नोंदीने दुकानाची फेरी वाचते. जेट काढून उजेडाकडे धरावा. स्वच्छ, गोल छिद्र दिसले पाहिजे. त्यात तार किंवा सुई कधीही घालू नये, कारण पितळ मऊ असून छिद्र मोठे होते आणि पेट्रोलचा खर्च कायमचा वाढतो. साफ करण्याच्या द्रवात जेट भिजवावा व सायकलच्या पंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. औषध फवारणीच्या पंपाच्या कार्बोरेटरबाबत तर मुळीच नाही. रबरी भाग या द्रवापासून दूर ठेवावेत. जोडणी झाल्यावर कॉक उघडून काही वेळ थांबावे आणि कोठे गळत नाही याची खात्री करूनच इंजिन सुरू करावे.

साफसफाईचे हे काम घरी करणे हितावह आहे. पहिल्या वेळी अर्धा दिवस जाईल, पुढे तास-दीड तासात उरकेल, आणि वर्षातून दोनदा करावे लागणाऱ्या कामास प्रत्येक वेळी मजुरी व खेप पडणार नाही. झीज ही बाब मात्र निराळी. पिनेच्या टोकावर गोल खाच पडून वाटी सतत वाहत असल्यास पिन बदलावी. तेवढे घरीही जमते. परंतु सरकता पिस्टन व त्याचे घर घासले गेले असल्यास कितीही धुतले तरी इंजिन हळू चालीवर स्थिर राहत नाही. आतील बारीक मार्ग दगडासारख्या थराने बुजले असतील, किंवा मोठ्या गाडीच्या कार्बोरेटरमधील रबरी पडदा फाटला असेल, तर दुकानच बरे. तेथे दाबाची हवा असते, काही ठिकाणी ध्वनिलहरींनी धुण्याचे यंत्र असते आणि मुख्य म्हणजे आवाजावरून दोष ओळखणारा कान असतो. त्या कानाची मजुरी देण्यात नुकसान नाही.

दुकानात गाडी देताना मात्र काढलेले जुने भाग परत मागावेत आणि नव्या जेटवरील क्रमांक जुन्याशी ताडून पाहावा. तपासणी न करता संपूर्ण नवा कार्बोरेटर सुचविला गेल्यास कोणता भाग झिजला ते दाखविण्याची विनंती करावी. जाणता मिस्त्री ते आनंदाने दाखवितो.

हंगाम संपल्यावर गाडी किंवा पेट्रोलवरील फवारणी पंप ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे व वाटीत उरलेले थेंब तळाच्या स्क्रूवाटे काढून टाकावेत.