गोल आधी व्हॉट्सॲपवर का येतो?

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि एसटीत शेजारचा खांद्यावर झोपलाय म्हणून नुसतं वाचत बसलेल्यांनाही नमस्कार. आज फुटबॉल. पण टॅक्टिक्स नाही, ट्रान्सफरच्या अफवा नाहीत. आज एकच त्रास. मॅच तुम्ही 'लाईव्ह' बघताय, तुमच्या स्क्रीनवर अजून थ्रो-इन चाललाय, आणि वरून नोटिफिकेशन उतरतं: "गोल व्हयना रे भो!"

झालं. आता पुढची तीस सेकंद तुम्ही मॅच बघत नाही, निकालाची वाट बघता.

आमचा चौघांचा ग्रुप आहे. मी जळगावात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी कोड लिहितो. एक दोस्त धुळ्यात, त्याच्याकडे टीव्हीवर डिश. एक हिंजवडीला, फायबरवर. आणि चौथा माझा मावसभाऊ, यावल तालुक्यात, केळीच्या बागेत उभा राहून मोबाईलवर. चौघं एकच मॅच बघतो आणि चौघांना गोल वेगवेगळ्या वेळी दिसतो. धुळेवाला नेहमी पहिला, मावसभाऊ नेहमी शेवटचा. एकदा कॉल लावून मोजलं. सुरुवातीची शिट्टी वाजली की ज्यानं त्यानं "हां" म्हणायचं. धुळ्याच्या "हां"नंतर माझा "हां" वीसेक सेकंदांनी आला, आणि मावसभावाचा येईपर्यंत धुळेवाला चहा ओतायला उठला होता.

आता लोक म्हणतात, "सॅटेलाइटवरून येतं ना, वेळ लागणारच." हे साफ चूक. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. वर जाऊन खाली यायचं म्हणजे ७२,००० किलोमीटर. सिग्नल प्रकाशाच्या वेगानं जातो, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. भागाकार करा, पाव सेकंदही होत नाही. इंग्लंडहून समुद्राखालच्या केबलनं आलं तरी हिशोब सेकंदाच्या आतलाच. म्हणजे अंतर हा गुन्हेगार नाही. गुन्हेगार आपल्या खिशात आहे, आणि त्याचं कारण ऐकलं तर तुम्ही त्याला माफ कराल.

मैदानावर कॅमेरा, तिथून बाहेर उभ्या असलेल्या प्रसारणाच्या गाडीत, तिथून भारतातल्या चॅनलकडे. इथपर्यंत डिश आणि मोबाईल दोघांचा रस्ता जवळपास सारखा. डिशला पुढे फारसं काम नाही: एकच सिग्नल वर पाठवायचा, ज्याच्या गच्चीवर छत्री आहे त्यानं पकडायचा. दहा जण बघोत की दहा लाख, सिग्नल तोच.

मोबाईलचं तसं नाही. प्रत्येक फोन स्वतंत्रपणे मागणी करतो, "मला पाठव." २०२३ च्या क्रिकेट वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. एवढ्यांना अखंड धार सोडणं कुणाला परवडणार? म्हणून व्हिडिओचे तुकडे करतात. २००९ मध्ये ॲपलनं एचएलएस नावाची पद्धत आणली, आज बहुतेक सगळीकडे तीच किंवा तिची भावकी. मॅच चालू असताना दर काही सेकंदांचा एक तुकडा कापायचा, प्रत्येक तुकडा चार-पाच क्वालिटीत तयार करायचा आणि गावोगावच्या सर्व्हरवर ठेवून द्यायचा. तुमचा फोन एकेक तुकडा उचलून आणतो आणि जोडून दाखवतो. शहराचा भाजीबाजार जसा पहाटे माल उतरवून पुढे हातगाड्यांना वाटतो, तसंच. थेट शेतातून प्रत्येकाच्या घरी कुणी जात नाही.

आता बघा उशीर कुठे शिरतो. तुकडा सहा सेकंदांचा असेल तर तो पूर्ण झाल्याशिवाय पाठवता येत नाही, म्हणजे सहा सेकंद तिथेच गेले. वर वेगवेगळ्या क्वालिटीत बदलायला थोडा वेळ. आणि मुख्य गोष्ट, फोन मिळालेला तुकडा लगेच दाखवत नाही. तो साधारण तीन तुकडे हाताशी धरून मग सुरू होतो. तीन सक अठरा. सगळं मिळून पंचवीस-तीस सेकंद सहज होतात.

हे तीन तुकडे म्हणजेच बफर. घरात गव्हाची कोठी असते तसं. आज दळण नाही झालं तरी पोळी होते. टॉवर दोन-चार सेकंद गचकला तर फोन कोठीतलं वापरतो आणि तुम्हाला कळतही नाही. कोठी नसती तर दर मिनिटाला ते गोल-गोल फिरणारं चक्र. कमी उशिराचं तंत्र आहे, नाही असं नाही. तुकड्याचेही तुकडे करून पाठवतात. पण मग नेटवर्क खणखणीत हवं. लाखो लोकांना न अडकता दाखवायचं की थोड्यांना लवकर, यात कंपन्या पहिलं निवडतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, सॉरी.

मग मावसभाऊ माझ्याही मागे का? कारण बागेत रेंज दोन कांड्या. बफर संपला, व्हिडिओ पाच सेकंद थांबला, पुन्हा सुरू झाला. सुरू झाला तो जिथे थांबला होता तिथून! म्हणजे ते पाच सेकंद कायमचे मागे पडले. असं चार वेळा झालं की वीस सेकंद वाढले. बऱ्याच ॲपमध्ये खाली 'लाईव्ह' असं बटण असतं, ते दाबलं की उडी मारून पुढे येतं. बहुतेकांनी ते आयुष्यात दाबलेलं नसतं.

आणि ग्रुपवरचा मेसेज? तो तर काहीशे बाइटचा मजकूर. धुळेवाल्यानं टाइप केला की क्षणात हजर. स्कोअरच्या ॲपचं तर आणखी भारी: स्टेडियममध्येच डेटा कंपनीचा माणूस बसलेला असतो, तो गोल झाला की बटण दाबतो. ना व्हिडिओ, ना तुकडे, ना बफर. म्हणून अक्षरं चित्राच्या पुढे पळतात.

इथे एक गंभीर गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. चालू मॅचमध्ये 'पुढचा गोल कोणाचा' वगैरे पैसे लावायला लावणारी ॲप्स आणि लिंका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तरी लिंका फिरतातच. कायदा बाजूला ठेवा, नुसतं इंजिनियर म्हणून सांगतो. तुमचं चित्र तीस सेकंद जुनं आहे. समोरच्याकडे मैदानावरचा ताजा डेटा आहे. तुम्ही 'आता गोल होणार' म्हणून पैसे लावता तेव्हा तो गोल हुकलेला त्याला माहीत असतो. ज्याला उद्याचा पेपर आज मिळतो त्याच्याशी कुणी पैज लावतं का? माझ्या ओळखीच्या एका मुलानं असं करून नव्या बाइकचे पैसे घालवले. त्याला अजूनही वाटतं त्याचं नशीब खराब होतं.

असो. आता वेळेचं बोलू, कारण मावसभाऊ मध्यरात्री बागेत काय करतो हे तुम्ही विचारणारच. शेतीच्या मोटरची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. ठिबक असलं तरी मोटर बघायला, व्हॉल्व्ह बदलायला माणूस लागतो. रात्रीची पाळी असली की हा जागाच. फुटबॉलचं वेड त्याला तिथूनच लागलं: त्या वेळी लाईव्ह दुसरं असतंच काय? कॉमेंट्री मोठ्या आवाजात लावतो, कारण त्या भागात साप आणि बिबट्या दोन्ही. बिबट्याला ऑफसाइड कळत नसेल, आवाज कळतो. आपण "झोप मोडून मॅच बघतो" अशी फुशारकी मारतो तेव्हा मला तो आठवतो. त्याची झोप मॅचनं मोडलेली नसते.

युरोपातल्या घड्याळाची भानगडही समजून घ्या. आपलं घड्याळ बारा महिने एकच. त्यांचं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. म्हणून इंग्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. चॅम्पियन्स लीगची रात्री नऊची मॅच सप्टेंबरमध्ये आपल्याकडे १२.३० ला, नोव्हेंबरमध्ये १.३० ला. २६ ऑक्टोबर २०२५ चा एल क्लासिको नेमका घड्याळ बदललेल्या दिवशीच होता. तिकडे दुपारी सव्वाचार, इकडे रात्री पावणेनऊ. आदल्या आठवड्याचा हिशोब धरून बसणारा तासभर आधी टीव्हीसमोर. स्पेनची लीग मोठ्या मॅचेस अशा दुपारी ठेवते, त्यात आशियातल्या प्रेक्षकांचा विचार असतोच, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. जेवता जेवता क्लासिको, अजून काय पाहिजे?

एक गंमत मात्र आपल्या बाजूची आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाईव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे. १९६० च्या दशकापासूनची पद्धत, लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून. त्यामुळे तीन वाजताची मॅच मँचेस्टरमधल्या माणसाला घरी टीव्हीवर लाईव्ह दिसत नाही, आणि जळगावात शेवभाजी खाता खाता दिसते. तीस सेकंद उशिरा का होईना!

डेटाचा हिशोबही सांगून टाकतो. चांगल्या क्वालिटीला साधारण सेकंदाला २ मेगाबिट धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला ९०० एमबी. इंटरव्हलसकट पावणेदोन तास म्हणजे दीड जीबी पार. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवाल्याचा शेवटच्या दहा मिनिटांत बाजार उठतो. क्वालिटी उतरवून ०.८ मेगाबिटवर आणा, तासाला ३६० एमबी, निवांत. आणि हिवाळ्यातली शनिवारची शेवटची मॅच रात्री ११ ला सुरू होते. पहिला हाफ संपतो पावणेबाराच्या पुढे, दुसरा सुरू होतो बाराच्या ठोक्यानंतर. पॅक बाराला भरतो. म्हणजे पहिला हाफ आजच्या डेटावर, दुसरा उद्याच्या! ज्यानं हे जुळवलं नाही, आपोआप जुळलं, त्याला माझा साष्टांग.

मग आम्ही काय तोडगा काढला? सगळ्यात मागचा जो, त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवायचं. सुरुवातीला कॉल, मावसभाऊ "हां" म्हणेपर्यंत आम्ही तिघांनी पॉज. धुळेवाल्याचा सेट-टॉप बॉक्स रेकॉर्डिंगवाला आहे म्हणून त्यालाही थांबवता येतं. मध्येच पुन्हा फरक पडला तर हाफटाइमला परत जुळवणी. स्कोअर ॲपची नोटिफिकेशन बंद. सुरुवातीला धुळेवाला कुरकुरला, "मी डिशचे पैसे भरतो आणि मीच थांबू?" पण बागेत एकट्या उभ्या माणसाला गोल आधी कळणं म्हणजे सिनेमाच्या दारात शेवट सांगणं. आता चौघांचा आरडाओरडा एकाच वेळी होतो. तो म्हणतो, आजकाल बिबट्या फिरकत नाही.

आणि शून्य उशीर हवा असेल तर स्टेडियम गाठा. आपल्याकडे सोय वाईट नाही. जळगाव-भुसावळहून मुंबईला रात्रीच्या गाड्या भरपूर, सकाळी दादर, तिथून लोकलनं अंधेरी. अंधेरीचं मैदान छोटं, पण मध्ये धावपट्टी नाही, त्यामुळे खेळाडू अगदी समोर. धुळेकरांना मुंबई-आग्रा हायवेची बस बरी. गोवा करायचं तर भुसावळहून मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेनं थेट मडगावला, आणि फातोर्ड्याचं स्टेडियम मडगावातच. मॅच, समुद्र, परत. फक्त तारीख पक्की झाल्यावरच तिकीट काढा: जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच थांबवून ठेवला होता, तो लांबत गेला. १४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा खूप जण गेले, मी नाही गेलो. हात हलवणारा मेस्सी बघण्यापेक्षा धावणारा कुणीही बघेन, हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

स्टेडियममध्ये रिप्ले नसतो, कॉमेंट्री नसते, पहिली दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटतं. आणि एक गोष्ट तिथे गेल्यावर नीट बघा. वरच्या रांगेत, खेळाडूपासून शंभर मीटरवर बसा. त्यानं बॉल मारलेला आधी दिसतो, 'ठप्प' आवाज नंतर येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ०.३ सेकंद. उपग्रहाच्या त्या पाव सेकंदापेक्षा जास्तच!

चला, आज एवढंच. शनिवारी ११ ला मॅच आहे, आधी पॅक किती उरलाय ते बघतो.